नदीतलं बेट, दोन देश आणि वारणेची मळी

कराडच्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. ती कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि मूट कोर्टची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्याची, तयारी करते आहे. थोडक्यात सांगायचं तर: "काका, मूट कोर्टसाठी आम्हाला एक प्रकरण दिलंय. दोन शेजारी देश, मधून नदी, नदीत बेट. एका देशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या बेटावर गुरं चारतात, शेती करतात. दुसऱ्याकडे शंभर वर्षांपूर्वीचा तह आहे. बेट कुणाचं? नकाशा उघडला की कळत नाही का? आणि हरलेल्या देशाने निकाल मानलाच नाही तर काय करायचं?"

मी आधी नऊ वर्षं मोजणी खात्यात भूकरमापक होतो आणि नंतर सांगलीत दिवाणी वकिली केली. म्हणजे आयुष्य बांधांवरच गेलं. आंतरराष्ट्रीय कायदा हा माझा रात्रीच्या वाचनाचा विषय, शिवाय लॉ कॉलेजात पाहुणा म्हणून शिकवतो. तेव्हा उत्तर देताना मी मधूनच वारणाकाठी उतरलो तर सांभाळून घे.

सरळ उत्तर आधी देतो. तहात हद्द लिहिलेली असेल तर बेट तहाप्रमाणे जाईल. लोकांनी शंभर वर्षं गुरं चारली, एवढ्यावर ते राज्याचं होत नाही. पण बेट हातचं गेलं तरी चराई जायलाच हवी असं मुळीच नाही, आणि मेमोरियलमध्ये, म्हणजे मूटच्या लेखी युक्तिवादात, मुलं नेमकं हेच मागायला विसरतात. मालकी आणि वापर या दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या. ज्यांना ते जमलं त्यांची भांडणं मिटली.

प्रश्न काढणाऱ्याने तो कुठून उचललाय हे दुसऱ्याच ओळीत कळलं. आफ्रिकेत बोट्सवाना आणि नामिबिया यांच्यामधून चोबे नदी वाहते. तिच्यात साधारण साडेतीन चौरस किलोमीटरचं एक बेट आहे. नामिबियावाले त्याला कासिकिली म्हणतात, बोट्सवानावाले सेदुदू. १ जुलै १८९० ला ब्रिटन आणि जर्मनीने आफ्रिका वाटून घेताना तह केला आणि हद्द या नदीच्या मुख्य प्रवाहातून नेली. इंग्रजी मसुद्यात शब्द आहेत "मुख्य प्रवाहाचा मध्य", जर्मन मसुद्यात "मुख्य प्रवाहाचा थालवेग". थालवेग म्हणजे नदीतली सगळ्यात खोल धार, नावाडी उन्हाळ्यात जिच्यातून नाव काढतो ती. पण नदी बेटाला दोन अंगांनी वळसा घालते. उत्तरेकडचा फाटा मुख्य धरला तर बेट बोट्सवानाचं, दक्षिणेकडचा धरला तर नामिबियाचं. तेव्हा लंडन-बर्लिनमध्ये बसून सही करणाऱ्यांना फाटे दोन आहेत याचं सोयरसुतक नव्हतं.

आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणायचं तर बह्याचं रामलिंग बेट बघ. वाळवा तालुक्यात, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथला. मारुतीने बाहू आडवे धरून कृष्णेचं पाणी दोन्हीकडे वळवलं अशी कथा सांगतात. कृष्णा खरंच दोन अंगांनी जाते. आता कल्पना कर की एका काठाला एक देश आहे, दुसऱ्या काठाला दुसरा, आणि तहात फक्त "कृष्णेच्या मुख्य धारेतून" एवढंच लिहिलंय. कुठली धार मुख्य, यावर दोन्ही काठांना दोन पिढ्या पोसल्या जातील एवढी वकिली होईल.

माझ्या नोकरीच्या दिवसांतली एक चूक इथे सांगायलाच हवी. वारणा बऱ्याच लांबीत सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आहे. तिथे एका वळणावर पुराने पाच-सहा एकरांची मळी टाकली. (आता मळी म्हटलं की साखर कारखान्याची मळी आठवते. मी नदीने आणून टाकलेल्या पोयट्याच्या जमिनीबद्दल बोलतोय. सरकारी कागदात तिला मळईची जमीन म्हणतात.) आपल्या बाजूच्या गावाने तिथे काकडी, वांगी लावली, पलीकडच्या गावाने म्हशी घातल्या आणि काठ्या निघाल्या. नदीचं पात्र सरकारी, तेव्हा खरी मालकी दोघांचीही नव्हती. भांडण होतं ते कुठल्या तलाठ्याच्या दप्तरात ती जागा धरायची आणि कुणी पिकवायची याचं. मला मोजणीला पाठवलं ते गणपती झाल्या झाल्या. पावसाळ्याचं पाणी अजून उतरलेलं नव्हतं. मी प्लेन टेबल (मोजणीचा फळा) मांडलं, दोन्हीकडचं पाणी बघितलं, आपल्या काठाच्या विरुद्ध बाजूचा फाटा रुंद दिसला म्हणून तोच मुख्य धरला आणि मळी आपल्या गावाकडे टाकून मोकळा झालो.

पलीकडच्या गावचा एक म्हातारा नावाडी पूर्ण वेळ उकिडवा बसून बघत होता. निघताना म्हणाला, "सायेब, आता पाणी दोनीकडं सारखंच दिसतंय. चैतात या, मग दावतो धार कुठनं हाय ती." मी तेव्हा तरुण होतो आणि डोक्यावर सरकारी टोपी होती, त्यामुळे ऐकलं नाही. हरकत आली, फेरमोजणी लागली आणि एप्रिलमध्ये मलाच परत तिथे उभं राहावं लागलं. म्हाताऱ्याने धोतर खोचलं, हातात खुणा केलेला बांबू घेतला आणि एक शब्द न बोलता आधी एका फाट्यातून चालत गेला, मग दुसऱ्यातून. मी ज्याला मुख्य धरलं होतं तिथे पाणी त्याच्या गुडघ्याला. आपल्या काठाकडच्या अरुंद फाट्यात छातीच्या वर. बांबूवरची खूण मला न विचारताही दिसत होती. मळी पलीकडे गेली. आपल्या गावातल्या लोकांनी त्यानंतर वर्षभर मला चहा विचारला नाही.

१९९९ साली कासिकिलीचा निकाल वाचताना मला हसू आलं ते यासाठी. नामिबियाचा एक मोठा मुद्दा असा होता की पुराच्या दिवसांत पाण्याचा मोठा लोट दक्षिणेकडून जातो, म्हणून तोच मुख्य प्रवाह. बेटाचा बराच भाग दरवर्षी काही महिने पाण्याखाली असतो हे खरंच आहे. पण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की मुख्य प्रवाह ठरवायचा तो पाणी उतरलेलं असतानाच्या पातळीवरून, पुराच्या रेषेवरून नाही. मग खोली बघितली, रुंदी बघितली, हवाई आणि उपग्रहावरून घेतलेले फोटो बघितले आणि उत्तरेकडचा फाटा मुख्य ठरवला. ११ विरुद्ध ४ मतांनी बेट बोट्सवानाला गेलं. वारणेच्या म्हाताऱ्याला हे फी न घेता माहीत होतं.

तर तुझ्या प्रकरणात पहिलं काम: तहातला शब्द नेमका काय आहे ते बघ. "नदी", "नदीचा मध्य", "मुख्य प्रवाह" की "खोल धार"? प्रत्येक शब्दाला बेट वेगळ्या काठाला जातं. दुसरं, नदीने पात्र बदललंय का? काठ हळूहळू, डोळ्यांना न दिसता सरकत गेला असेल तर हद्द सामान्यपणे पाण्याबरोबर सरकते. एका पुरात नदीने उडी मारून नवीन पात्र धरलं असेल तर हद्द जुन्या, कोरड्या पात्रातच राहते. तहात वेगळं लिहिलेलं नसेल तर हाच साधारण नियम.

आता नकाशा. तू म्हणतेस, उघडला की कळत नाही का? आपल्याकडच्या जुन्या गावनकाशांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी १:७,९२०. ३३ फुटी साखळी, एक इंच म्हणजे वीस साखळ्या, असा तो हिशेब. त्यावर अर्धा मिलिमीटर जाड पेन्सिलची रेघ ओढली तर जमिनीवर ती रेघ जवळपास चार मीटर रुंद होते. भावाभावांत खून पडायला एवढं पुरतं. आणि देशांच्या हद्दी ज्या नकाशांवर आखल्या ते १:५,००,००० चे किंवा त्याहून बारीक. तिथे तीच रेघ २५० मीटर रुंद. अख्खं बेट रेघेखाली झाकून जाईल. बुर्किना फासो आणि माली यांच्या १९८६ च्या निकालात न्यायालयाने नकाशांची जागा नीट सांगितली आहे: तहाला जोडलेला, तहाचाच भाग असलेला नकाशा असेल तर त्याला वजन, नाहीतर नकाशा ही फक्त माहिती, तिच्यातून हक्क निर्माण होत नाही.

याचं ताजं उदाहरण गमतीचं आहे. २०१० साली निकारागुआची माणसं सान हुआन नदीच्या मुखाजवळ कोस्टा रिका आपला म्हणत असलेल्या दलदलीच्या तुकड्यावर उतरली. तिथल्या गाळ उपसण्याच्या कामाचे प्रमुख एदेन पास्तोरा यांनी पुरावा म्हणून गूगल मॅप दाखवला. गूगलने नंतर त्या ठिकाणी रेघ चुकल्याचं मान्य केलं आणि दुरुस्ती केली. २०१५ साली न्यायालयाने ती जमीन कोस्टा रिकाची ठरवली.

तह नसेल किंवा तहातून काही निघत नसेल, तर मग वहिवाट. पण आपल्या कोर्टातली वहिवाट आणि ही वहिवाट यांत फरक आहे. आपल्याकडे मुदतीच्या कायद्यात १२ वर्षं खाजगी जमिनीला आणि सरकारविरुद्ध ३० वर्षं, असे आकडे आहेत. राष्ट्रांच्या कायद्यात वर्षांचा आकडा नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे माणसाने केलेली वहिवाट राज्याची धरत नाहीत. ती राज्याने, राज्य म्हणून केलेली लागते. कासिकिलीवर नामिबियाच्या बाजूचे मासुबिया लोक नदीच्या चढउतारांप्रमाणे येऊन शेती करत होते, हे न्यायालयाला मान्य होतं. पण ते पोटासाठी येत होते. कुणा राज्याच्या वतीने येत नव्हते. तिथेच नामिबियाचा मुद्दा पडला. तुझ्या प्रकरणातले गुराखी नेमके त्याच जागी उभे आहेत. त्यांच्या बाजूने असशील तर चराईचा कर कुणी घेतला, पावती कुणी फाडली, भांडण झालं तर खटला कुठल्या कोर्टात चालला, ते शोध. गुरं मोजत बसू नकोस, पावत्या मोज.

छोट्या बेटांच्या बाबतीत अशा पावत्या फार किरकोळ असतात आणि तरी त्यांनीच बेटं जिंकली जातात. लिगितान आणि सिपादान ही बोर्निओच्या किनाऱ्यापाशी असलेली दोन चिमुकली बेटं. इंडोनेशिया आणि मलेशिया भांडत हेगला गेले. २००२ साली १६ विरुद्ध १ मतांनी ती मलेशियाला मिळाली. कशावर? कासवांची अंडी कुणी गोळा करायची याचे १९१७ चे नियम, सिपादानवर १९३३ साली जाहीर केलेलं पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आणि १९६२-६३ मध्ये बांधलेले दीपस्तंभ. इंडोनेशियाकडे नौदलाची गस्त आणि मच्छीमारांची ये-जा होती, ती पुरली नाही. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यातल्या मँकिये-एक्रेहो खडकांच्या १९५३ च्या खटल्यात जर्सी या ब्रिटिश बेटाच्या अधिकाऱ्यांनी किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांचे पंचनामे केले होते, हा पुरावा ब्रिटनच्या कामाला आला. दिवाणी वकील म्हणून मला तो पंचनामा फार आवडतो. कुणीतरी कनिष्ठ अधिकारी वैतागून बोटीने गेला असेल, आणि त्याच्या कागदाने पुढे राष्ट्राची हद्द ठरायला मदत केली.

जवळचं ते आपलं, हा समज मात्र डोक्यातून काढ. १९२८ साली माक्स ह्यूबर या लवादाने फिलिपिन्सजवळच्या पालमास बेटाच्या प्रकरणात तो मुद्दा फेटाळला, तो आजपर्यंत तसाच आहे. अमेरिकेचं म्हणणं होतं की १८९८ च्या तहात स्पेनकडून फिलिपिन्स घेतलं, त्यात हे बेट आलं. पण १९०६ साली अमेरिकेचे जनरल लेनर्ड वुड तिथे उतरले तेव्हा समोर डच झेंडा फडकत होता. बेट नेदरलँड्सला गेलं, कारण त्यांनी तिथे सत्ता शांतपणे आणि सतत चालवलेली दिसत होती.

एका कागदाचा किस्सा मात्र जरा सावकाश सांगतो, कारण माझे निम्मे दावे अशाच कागदावर हरले-जिंकलेत. सिंगापूरच्या पूर्वेला पेद्रा ब्रांका नावाचा खडक आहे, लांबी सव्वाशे-दीडशे मीटर. सिंगापूरपासून २४ सागरी मैल, मलेशियाच्या जोहोर किनाऱ्यापासून जेमतेम साडेसात-पावणेआठ. १८५०-५१ साली इंग्रजांनी त्यावर हॉर्सबर्ग दीपगृह बांधलं. मूळ मालकी जोहोरच्या सुलतानाची, हे न्यायालयानेही मान्य केलं. मग गडबड कुठे झाली? १९५३ साली सिंगापूरच्या वसाहत सरकारने जोहोरला पत्र लिहून विचारलं की या खडकाची स्थिती काय आहे. आपली सागरी हद्द ठरवायची आहे. २१ सप्टेंबर १९५३ ला जोहोरच्या हंगामी राज्य सचिवांचं उत्तर आलं. मजकूर जेमतेम एका वाक्याचा: जोहोर सरकार पेद्रा ब्रांकावर मालकी सांगत नाही.

बस. या उत्तरामागे कुणी जुनं दप्तर उघडलं होतं का, सुलतानाला विचारलं होतं का, कुणास ठाऊक. त्यानंतर सिंगापूरने तिथे अपघातांची चौकशी केली, लोकांच्या येण्याजाण्यावर नियंत्रण ठेवलं, आणि मलेशियाने हूं की चूं केलं नाही. २००८ साली १२ विरुद्ध ४ मतांनी खडक सिंगापूरचा ठरला. बाजूचे मिडल रॉक्स मलेशियाला गेले, कारण त्यांच्याबद्दल कुणी असं पत्र लिहिलं नव्हतं. मोजणीच्या वेळी शेजाऱ्याच्या जबाबाखाली "माझी हरकत नाही" म्हणून सही करणारे आणि वीस वर्षांनी माझ्या ऑफिसात "वकीलसाहेब, मी वाचलंच नव्हतं" म्हणणारे लोक मी मोजायचं सोडून दिलं आहे. जोहोरचे सचिव त्यातलेच एक. तुझ्या मूटच्या फाईलमध्ये असं एखादं पत्र परिशिष्टात दडवलेलं असणार, ते शोध. प्रश्न काढणारे ते तिथे मुद्दाम ठेवतात.

वादाची तारीख हीसुद्धा बघायची. वाद ज्या दिवशी उघड झाला त्यानंतर केलेल्या कामांना फारशी किंमत नसते, कारण वाद पेटल्यावर कुणीही झेंडा रोवतो. लिगितानमध्ये ही तारीख १९६९ होती. त्यामुळे समोरच्याने गेल्या दहा वर्षांत बेटावर चौकी बांधली म्हणून घाबरू नकोस. मात्र हरकत लगेच, लेखी घे. गप्प बसलेल्याचं काय होतं ते वर बघितलंच.

एवढ्या चिमूटभर मातीसाठी राज्यं का भांडतात, असं तुझ्या मनात येईल. माती नाही, पाणी. समुद्रातल्या बेटाभोवती १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र आणि माणसं राहू शकतील असं बेट असेल तर २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र. अडथळा नसेल तर ते वर्तुळ सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या वर जातं. नुसत्या खडकाला हे मिळत नाही, म्हणून "खडक की बेट" हा वेगळाच झगडा. आपल्या हरियाभंगा नदीच्या मुखाशी १९७० च्या चक्रीवादळानंतर एक बेट वर आलं. आपण त्याला न्यू मूर किंवा पूर्वाशा म्हणत होतो, बांगलादेश दक्षिण तालपट्टी. १९८१ साली आपलं नौदल तिथे झेंडा लावून आलं. २०१० पर्यंत ते बेटच समुद्रात विरून गेलं. तरी हद्दीचं भांडण उरलंच. ते लवादाकडे गेलं आणि ७ जुलै २०१४ ला वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला मिळाले. दोन्ही देशांनी निकाल मुकाट्याने घेतला. वारणेची मळीही २०१९ च्या महापुरात अर्धी वाहून गेली असं ऐकलं, पण ते पुढचं.

आता मी सुरुवातीला म्हटलं त्या गोष्टीकडे येतो, मालकी आणि वापर. कासिकिलीत बेट बोट्सवानाला देताना न्यायालयाने एकमताने आणखी एक सांगितलं: बेटाभोवतीच्या दोन्ही फाट्यांत दोन्ही देशांच्या माणसांना आणि बोटींना सारखी वागणूक मिळेल. १९९२ साली कासाने गावी दोन राष्ट्राध्यक्ष भेटले होते, तेव्हाच ही गोष्ट त्यांनी आपसात कबूल केली होती, तीच न्यायालयाने पकडली. लाल समुद्रातल्या हनिश बेटांवरून १९९५ च्या डिसेंबरात एरिट्रिया आणि येमेन यांच्यात गोळ्या झडल्या. १९९८ च्या लवादाने मोठी बेटं येमेनला दिली, काही छोटी एरिट्रियाला, आणि जोडीला सांगितलं की पारंपरिक मासेमारी दोन्हीकडच्या गरीब मच्छीमारांसाठी चालूच राहील. मासळी उतरवायला, जाळी वाळवायला सीमा आडवी येणार नाही.

उलटं उदाहरण आपल्याच दारात आहे. कच्चथीवू, २८५ एकर, रामेश्वरम आणि जाफना यांच्यामध्ये. १९७४ साली इंदिरा गांधी आणि सिरिमावो बंदरनायके यांनी हद्द ठरवली आणि बेट श्रीलंकेकडे गेलं. करारात भारतीय मच्छीमारांना आणि बेटावरच्या सेंट अँटनी चर्चच्या यात्रेकरूंना पूर्वीसारखं जाता येईल, असं लिहिलं. पण "जाता येईल" यात मासे धरता येतील का, हे स्पष्ट लिहिलं नाही, आणि १९७६ च्या पत्रव्यवहारात एकमेकांच्या पाण्यातली मासेमारीच बंद झाली. बेटाची मालकी मिटली, पण जाळ्यांचं काय ते नीट लिहिलं गेलं नाही. आज तमिळनाडूचे मच्छीमार पकडले गेले की बातम्या कशाच्या येतात ते तुला माहीत आहे. त्यात भर अशी की हा वाद हेगला नेणंही अवघड, कारण न्यायालयाचा अधिकार मान्य करताना भारताने कॉमनवेल्थ देशांशी असलेले वाद आणि प्रादेशिक हद्दीचे वाद वगळून ठेवले आहेत.

मालकीच वाटून घेतली अशीही उदाहरणं आहेत, पण ती थंड डोक्याच्या देशांची. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवर बिदासोआ नदीत फेझंट बेट आहे. त्या दोघांमधला १६५९ चा तह तिथेच झाला, आणि आता ते सहा महिने स्पेनकडे, सहा महिने फ्रान्सकडे असतं. आपल्याकडे सामायिक विहिरीची पाळी असते तशी. कॅनडा आणि डेन्मार्क यांनी हान्स बेटावर वर्षानुवर्षं एकमेकांसाठी दारूची बाटली आणि झेंडा ठेवण्याचा खेळ केला आणि २०२२ साली ते १.३ चौरस किलोमीटर सरळ मधून वाटून घेतलं. तुझ्या मूटमध्ये असं सुचवू नकोस, न्यायाधीश विचारतील की मग इथे कशाला आलात.

निकाल मानला नाही तर? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ९४ सांगतं की सुरक्षा परिषदेकडे जाता येतं. प्रत्यक्षात तिथे नकाराधिकार बसलेला असतो. २०१६ साली दक्षिण चीन समुद्राच्या निवाड्याला चीनने झटकून टाकलं, आणि तो निवाडा तर बेटांच्या मालकीचा नव्हताच. पण हे सगळं चित्र नाही. नायजेरियाने बाकासी द्वीपकल्प २००२ साली हरलं, देशात प्रचंड बोंब झाली, तरी २००६ चा करार होऊन २००८ ला ते कॅमेरूनच्या ताब्यात दिलं. निकारागुआने वर सांगितलेल्या दलदलीतली पर्यावरण हानी, कोस्टा रिकाला त्यापायी आलेला खर्च आणि व्याज मिळून ३,७८,८९० डॉलर ठरवल्याप्रमाणे भरले. हरणाऱ्याने मुळात कोर्टाचा अधिकार कधीतरी आपणहून मान्य केलेला असतो, कधी विशेष करारावर सही करून, कधी आधीच्या तहाने किंवा जाहीरनाम्याने. आपल्या देशाचं १९६५ नंतरचं कच्छचं उदाहरण घे: १९६८ च्या लवादात दोन विरुद्ध एक मताने वादातल्या प्रदेशाचा साधारण दहावा भाग पाकिस्तानला गेला, आपण तो दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितलं की अनिश्चित हद्द निश्चित करण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. स्वतःचा म्हणून मान्य असलेला प्रदेश द्यायचा असेल तर लागते, हे १९६० च्या बेरुबारी प्रकरणात आधीच ठरलं होतं. हा फरक तुझ्या परीक्षकांना आवडेल.

(देशातल्या दोन राज्यांचं भांडण असेल तर मार्ग वेगळा: घटनेचं कलम १३१, थेट सर्वोच्च न्यायालय. आपला बेळगावचा दावा २००४ पासून तिथे आहे. त्यावर मी इथे काही बोलणार नाही, संध्याकाळचं जेवण गोड लागायला हवं.)

वारणेची मळी पलीकडे गेल्यावर काय झालं, ते राहिलं. दोन्ही गावची माणसं नदीकाठच्या देवळात बसली. मीही होतो, चहा न मिळालेला. स्टॅम्प पेपरवर एकाच कलमावर दोन तास गेले: आपल्या गावच्या म्हशी पाण्यावर कुठून उतरणार. मळी त्यांची, पण पूर्वेकडची दहा फुटांची वाट म्हशींना, आणि पाऊस सुरू होईपर्यंत काठाचं गवत दोघांनीही कापायचं. वाटेची लांबी मी साखळीने मोजून दिली, नऊ साखळ्या आणि काही आणे (साखळीचा सोळावा भाग म्हणजे आणा). नावाडी म्हाताऱ्याने खालच्या टोकाला स्वतः दगड पुरला. अंगठे उठले. मालकीचं कलम शेवटी एका ओळीत आलं, त्यावर कुणी वादही घातला नाही.

तर तुझ्या मागणीच्या परिच्छेदात तीन ओळी घाल. बेट अमुक पक्षाचं आहे असं जाहीर करावं. ते न झाल्यास, चराई, पाणी आणि नौकानयन यांचे हक्क दोन्हीकडच्या स्थानिकांना कायम ठेवावेत, हंगाम आणि वाट नकाशावर दाखवून. आणि निकाल लागेपर्यंत दोन्ही देशांची सशस्त्र माणसं बेटापासून दूर राहावीत. कोस्टा रिकाच्या प्रकरणात २०११ साली न्यायालयाने असाच अंतरिम आदेश दिला होता. तिसरी ओळ सगळ्यात आधी लिही, कारण ती तातडीची आहे.

नकाशे वेगळ्या फाईलमध्ये पाठव, माझ्या जुन्या कॉम्प्युटरला एकदम उघडत नाहीत. आणि नदीचे फोटो असतील तर ते कुठल्या महिन्यातले आहेत, ते प्रत्येक फोटोखाली लिही.